पुण्यात इथेनॉलवर गाडी: आधी आरसी, मग इंजेक्टर

पुण्यात इथेनॉल मिळत नाही, ही सबब आता चालत नाही. ५ जून २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ई१०० ची (‘ई’ पुढचा आकडा म्हणजे इंधनात इथेनॉल किती टक्के) प्रायोगिक विक्री सुरू झाली, ती पुण्यातल्याच तीन पंपांवरून. मार्च २०२४ मध्ये इंडियन ऑइलने ‘इथेनॉल १००’ पाच राज्यांतल्या १८३ पंपांवर आणलं. त्या पाचांत महाराष्ट्र आहे. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, वेताळ टेकडीवर गाड्यांची चाचणी करणारी एआरएआय, हिंजवडीच्या रस्त्याला इथेनॉलचे प्रकल्प उभारणारी प्राज, भोसरीला दुसरी चाचणी संस्था सीआयआरटी. एवढं सगळं एका शहरात असल्यावर टर्बो गाडीवाला कधी ना कधी विचारणारच, ‘आपली गाडी इथेनॉलवर टाकली तर?’

मोह पडण्याचं कारण खरं आहे. इथेनॉलचा ऑक्टेन (आरओएन) १०८ च्या घरात जातो आणि वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषून घेतं. टर्बो इंजिनात चार्ज (हवा-इंधनाचं मिश्रण) थंड राहतो, नॉक (मिश्रणाचा अवेळी स्फोट) लांब जातो, बूस्ट (टर्बोचा दाब) आणि टायमिंग (ठिणगीची वेळ) दोन्हीला वाव मिळतो. पण काम कुठून सुरू करायचं, इथेच बहुतेकांची गाडी चुकीच्या गल्लीत शिरते. आधी नाना पेठेत पार्ट शोधतात, मग ट्यूनर, आणि आरटीओचा विचार सगळ्यात शेवटी. क्रम नेमका उलटा हवा. इंजिनाचं काम पैशाने आणि धीराने होतं. कागदाचं काम मात्र एक तर होतं नाही तर होत नाही, आणि ते आधी कळलेलं बरं.

पायरी १: आरसी हातात घ्या

आरसीवर इंधनाचा रकाना असतो. त्यात ‘पेट्रोल’ किंवा नव्या गाडीला ‘पेट्रोल (ई२०)’ लिहिलेलं असेल. वाहन प्रणालीत ‘पेट्रोल/इथेनॉल’ असाही प्रकार आहे, आणि तुम्हाला पोहोचायचंय तिथे.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीतले तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. याच कलमात एक वाट ठेवलेली आहे: वेगळ्या इंधनावर चालण्यासाठी कन्व्हर्जन किट बसवता येतं, पण ठरवून दिलेल्या अटींवर. व्यवहारात याचा अर्थ असा की किटला एआरएआय, सीआयआरटी किंवा अशाच मान्य चाचणी संस्थेचं टाइप अप्रूव्हल (त्या प्रकारच्या किटला मिळणारी मंजुरी) हवं आणि ते तुमच्या मॉडेलला, इंजिनाला आणि बीएस (उत्सर्जन) श्रेणीला लागू हवं. ई८५ साठीचे उत्सर्जन-नियम केंद्राने २०१६ मध्येच अधिसूचित केले आहेत, तेव्हा ‘भारतात असा नियमच नाही’ हे विक्रेत्याचं बोलणं मनावर घेऊ नका.

टाइप अप्रूव्हल किट बनवणाऱ्याने घ्यायचं असतं. तुम्ही आपली एक गाडी घेऊन टेकडीवर गेलात आणि ‘एवढी तपासून द्या’ म्हणालात तर तसं होत नाही. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा, ‘टाइप अप्रूव्हलची प्रत दाखवा.’ युरोपातलं किंवा ब्राझीलचं प्रमाणपत्र दाखवलं तर चहा पिऊन परत या. तिकडचा कागद इथे चालत नाही.

यातून तीन स्थिती उरतात. तुमच्या गाडीला लागू होणारं मंजूर किट असेल तर खालच्या सगळ्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत. तसं किट नसेल आणि गाडी फक्त ट्रॅकसाठी असेल, तर ती फ्लॅटबेडवर चढवून कोइम्बतूरला किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला न्या, सार्वजनिक रस्त्यावर आणू नका. इंजिनाच्या पायऱ्या तेवढ्या वाचा. तिसरी स्थिती सगळ्यात जास्त जणांची असते: किट नाही आणि गाडी रोज बाणेर-मगरपट्टा करते. त्यांना माझा सल्ला एकच, पंपावरचं ई२० भरा आणि गाडी त्यावर नीट चालते का ते बघा. आयएस १७०२१ नुसार ई२० चा ऑक्टेन ९५ असतो, तोही काही वाईट नाही. परवानगीशिवाय बदल केला तर कलम १८२अ(४) खाली दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठी भीती विम्याची. अपघातानंतर सर्व्हेयरने बॉनेट उघडल्यावर त्याला न कळवलेला बदल दिसला, तर पुढचा पत्रव्यवहार किती लांबेल सांगता येत नाही.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आताच मागून ठेवा. परराज्यातली गाडी असेल (पुण्यात सेकंडहँड परफॉर्मन्स गाड्यांत केए आणि डीएल पाट्या काही कमी नाहीत) तर आधी ती एमएच करून घ्या. बदलाची नोंद करताना दोन राज्यांच्या कार्यालयांत अडकायचं नसतं.

पायरी २: इंजेक्शन कुठलं आहे ते बघा

इंधन सिलेंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत मारणारं पोर्ट इंजेक्शन असेल तर काम सोपं. थेट सिलेंडरमध्ये इंधन मारणारं डायरेक्ट इंजेक्शन असेल तर हाय-प्रेशर पंप ही पहिली भिंत. दोन ओळखीच्या गाड्या घेऊ. जुनी ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो, दीडशे पीएस: पोर्ट इंजेक्शन, मोठे इंजेक्टर सहज बसतात. दुसरी आपल्या चाकणची पोलो जीटी टीएसआय: डायरेक्ट इंजेक्शन. तिच्यात ई९३ (पंपावरचं ‘इथेनॉल १००’ प्रत्यक्षात एवढंच असतं) जाळायचं तर हाय-प्रेशर पंप आणि इंजेक्टर दोन्ही अपुरे पडतात आणि खर्च गाडीच्या किमतीकडे सरकायला लागतो. अशा गाड्यांसाठी बाहेरदेशी लोक ई३० ते ई४० च्या मिश्रणावर थांबतात, आणि ते शहाणपणाचं आहे. फायद्याचा बराचसा भाग तिथेच मिळून जातो.

जुन्या गाडीचा तोटा वेगळा. ती ई२० च्याही आधीची आहे. तिच्या होजेस, सील, टाकीतला पंप यांपैकी काहीच इथेनॉलसाठी बनलेलं नाही, असं धरूनच चालायचं.

पायरी ३: इंधन आणि त्याचं गणित

पंपावरचं ‘इथेनॉल १००’ नावाप्रमाणे शंभर टक्के नसतं. त्यात सुमारे ९३ टक्के इथेनॉल, ५ टक्के पेट्रोल आणि दीड टक्का को-सॉल्व्हंट असतं. ते पाच टक्के पेट्रोल थंडीत गाडी सुरू व्हायला मदत करतं, त्यामुळे त्याच्यावर नाराज होऊ नका.

कारखान्यातल्या ओळखीने किंवा केमिकलच्या दुकानातून कॅन भरून अल्कोहोल आणायचं मनातही आणू नका. औद्योगिक आणि डिनेचर्ड अल्कोहोल बाळगायला महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ खाली परवाना लागतो. शिवाय डिनेचर करायला घातलेलं मिथेनॉल ॲल्युमिनियम खातं. इंधन पंपावरूनच घ्या आणि बिल ठेवा.

आता मिश्रण. आपल्याकडे बेस पेट्रोलमध्येच २० टक्के इथेनॉल असतं, म्हणून परदेशी कॅल्क्युलेटर इथे चुकतात. चाळीस लिटरच्या टाकीत ई४० हवं असेल तर ११ लिटर इथेनॉल १०० आणि २९ लिटर ई२०. ई५० साठी साधारण साडेसोळा आणि साडेतेवीस. तळाला आधीचं काय उरलंय ते यात धरलेलं नाही, ते तुम्ही धरा.

किती जास्त इंधन लागेल? पेट्रोलचं स्टॉइकिओमेट्रिक गुणोत्तर (एक किलो इंधन नेमकं जळायला किती किलो हवा) १४.७, ई२० चं साधारण १३.५, ई९३ चं ९.४ आणि शुद्ध इथेनॉलचं ९. घनता धरून हिशेब केला तर ई२० च्या तुलनेत ई९३ चं आकारमान सुमारे ३८ टक्के जास्त लागतं. ई४० ला फक्त आठेक टक्के. डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांना ई४० का परवडतं, ते या आकड्यातच आहे. आणि काहीही न बदलता ई९३ ओतलं तर काय होतं, तेही यातच आहे: ईसीयूच्या (इंजिनाच्या संगणकाच्या) फ्युएल ट्रिमला साधारण २५ टक्क्यांपर्यंतच भरपाई करता येते, मग पी०१७१ (मिश्रणात इंधन कमी) कोड येतो, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि फुल थ्रॉटलला इंजिनाला इंधन कमी पडतं. मायलेजही त्याच हिशेबाने उतरतं. ई२० वर १२ देणारी गाडी ई९३ वर नऊच्या आसपास येईल.

पायरी ४: इंधनमार्ग

टाकीपासून रेलपर्यंत (इंजेक्टरांना इंधन देणारी नळी) एकेक तुकडा तपासा. इथेनॉल साध्या रबराला, कॉर्कला आणि पॉलियुरेथेनला फुगवतं किंवा ठिसूळ करतं. जस्त आणि उघड्या ॲल्युमिनियमला गंजवतं. होज आतून पीटीएफईचे, ओ-रिंग व्हिटॉनच्या. नाना पेठेत ‘हा इथेनॉलचाच आहे’ म्हणून जो पाइप हातात देतील, त्यावर छापलेला दर्जा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. छापलेलं काही नसेल तर तो पाइप बागेला पाणी घालायला ठीक.

टाकीतला पंप इथेनॉलसाठी मान्य असलेलाच हवा, कारण इथेनॉलमधून वीज पेट्रोलपेक्षा चांगली वाहते आणि उघड्या जोडण्या आतल्या आत कुरतडल्या जातात. पंपाची क्षमता डब्यावरच्या आकड्यावरून ठरवू नका. दोनशे बीएचपीच्या लक्ष्याला ई९३ वर तासाला ११० ते ११५ लिटर प्रत्यक्ष जळतं. वर पंचवीस-तीस टक्के राखीव धरा म्हणजे १४० ते १४५. हे तीन बार रेलप्रेशर अधिक एक बार बूस्ट, म्हणजे चार बारला मिळायला हवं. पंपाचा आलेख बघा आणि जुन्या गाडीत पंपाच्या कनेक्टरवर लोड असताना व्होल्टेज मोजा. तेरा व्होल्टच्या खाली असेल तर नवा पंपही जुन्यासारखाच वागेल; रिले आणि जाड वायर टाका.

इंजेक्टरचा हिशेब: त्याच दोनशे बीएचपीला चार सिलेंडर, ८० टक्के ड्यूटी (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ) धरली तर पेट्रोलवर दर इंजेक्टरला सुमारे ३९५ सीसी प्रति मिनिट, ई९३ वर ५८० च्या आसपास. ६३० सीसीचे घ्या. हजार सीसीचे स्वस्तात मिळतात म्हणून घेतले तर आयडलला नियंत्रण सुटतं आणि ते नेमकं पीयूसीला दिसतं.

फिल्टर कागदी नको, स्टीलच्या जाळीचा हवा. इथेनॉल जुन्या टाकीतला सगळा साका सोडवतं, तेव्हा पहिल्या दोन टाक्यांनंतर फिल्टर उघडून साफ करा.

इथेनॉल सेन्सरवर पैसे वाचवू नका. टाकीत किती टक्के इथेनॉल आहे ते तो ५० ते १५० हर्ट्झच्या सिग्नलने सांगतो: ५० म्हणजे शून्य टक्के, १५० म्हणजे शंभर. इथेनॉल १०० सगळीकडे मिळत नाही. कोल्हापूरला निघालात आणि साताऱ्याजवळ ई२० भरावं लागलं, तर सेन्सर असलेला ईसीयू स्वतःच मॅप बदलतो. सेन्सर नसेल तर ट्यूनरला फोन लावावा लागतो, आणि तो रविवारी उचलत नाही.

पायरी ५: ट्यूनिंग

सगळं लॅम्डात बोला (मिळालेली हवा भागिले लागणारी हवा; १ म्हणजे नेमकं मिश्रण). वाइडबँडच्या, म्हणजे धुरावरून मिश्रण मोजणाऱ्या मीटरवर १४.७ दिसतं ते पेट्रोलच्या मोजपट्टीवर. ई९३ जळत असतानाही स्टॉइकला तो १४.७ च दाखवेल. ‘९.४ कुठंय?’ म्हणून गोंधळलेले लोक मिश्रण उगाच श्रीमंत करत बसतात. क्रूझला लॅम्डा १, पूर्ण लोडला ०.८० ते ०.८५ हा सुरुवातीचा पल्ला.

टायमिंगच्या बाबतीत इथेनॉल फसवं आहे. पेट्रोलवर नॉक सेन्सर ओरडतो आणि आपण थांबतो. इथेनॉलवर बहुतेकदा टॉर्क वाढायचा थांबतो, तरी नॉक येत नाही. त्यापुढे वाढवलेल्या प्रत्येक अंशाने ताकद वाढत नाही, फक्त सिलेंडरमधला दाब वाढतो आणि तो कनेक्टिंग रॉडवर पडतो. म्हणून हे काम डायनोवरच (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरच) करायचं: टॉर्कचा आलेख सपाट झाला की दोन अंश मागे या. रात्री एक्स्प्रेसवेवर लॅपटॉप मांडीवर घेऊन नाही. इथेनॉलला नॉक कमी असला तरी तापलेल्या पृष्ठभागावर आपोआप पेट घ्यायची खोड आहे, त्यामुळे स्पार्क प्लग एक पायरी थंड घ्या आणि गॅप थोडा कमी ठेवा.

थंड सुरुवातीला पुरेसा वेळ द्या. पेट्रोलचा फ्लॅशपॉइंट उणे ४३ अंश, इथेनॉलचा साधारण १३. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा पहाटे दहाच्या खाली जातो, पाषाणकडे आणखीच. ब्राझीलमध्ये २००३ पासून निघालेल्या फ्लेक्स गाड्यांत यासाठी पेट्रोलची वेगळी छोटी टाकी असायची. आपल्याला एवढं लागत नाही, पण क्रँकिंगचं टेबल जानेवारीच्या पहाटे, गाडी रात्रभर उघड्यावर उभी ठेवून बसवायचं. मे महिन्यात ट्यून केलेल्या गाडीची परीक्षा अजून व्हायची आहे असं समजा.

पायरी ६: पीयूसी

पीयूसीला घाबरण्याचं कारण नाही. लॅम्डा १ वर नीट चालणारी, कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) शाबूत असलेली इथेनॉल गाडी सहज पास होते. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाडीला आयडलवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळालेले हायड्रोकार्बन) २०० पीपीएम ही मर्यादा. हाय-आयडलला, म्हणजे सुमारे २५०० आरपीएमवर, सीओ ०.२ टक्के आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३. बीएस-३ ला सीओ ०.५ आणि एचसी ७५०.

एक गैरसमज फार ऐकू येतो: पीयूसीचं यंत्र पेट्रोलसाठी बनलंय, इथेनॉलवर ते लॅम्डा चुकीचा दाखवणार. यंत्र धुरातल्या वायूंवरून लॅम्डा काढतं आणि त्या सूत्रात इंधनातल्या हायड्रोजन-ऑक्सिजनचे स्थिरांक असतात, इतकं खरं. पण ज्वलन पूर्ण झालं आणि लॅम्डा खरंच १ असला, तर ते स्थिरांक वर-खाली कटून जातात आणि उत्तर १ च येतं. फरक पडतो तो १ पासून लांब गेल्यावर. तेव्हा यंत्रावर १.०५ दिसलं तर यंत्राला दोष देण्याआधी सायलेन्सरचे जोड बघा. फ्लँजमधून हवा आत ओढली जात असेल तर हेच दिसतं, आणि परफॉर्मन्स एक्झॉस्टमध्ये हे नेहमीचं आहे.

एचसी जास्त आलं तर ऑइल बघा. थंड इंजिनावर छोट्या फेऱ्या मारल्या की न जळालेलं इथेनॉल ऑइलमध्ये उतरतं आणि गरम झाल्यावर पीसीव्हीतून (ऑइलची वाफ परत नेणाऱ्या व्हॉल्व्हमधून) परत इनटेकला येतं. पीयूसीच्या आधी ऑइल बदला, वीस मिनिटं चांगली चालवा, मग गरम गाडी थेट केंद्रावर न्या. रांगेत अर्धा तास आयडलवर उभी ठेवून कॅट थंड करू नका. कॅट काढलेला असेल तर हाय-आयडलचं ०.२ गाठणं अवघड, आणि कॅट काढणं हाच मुळात गुन्ह्याचा बदल आहे. वैध पीयूसी नसेल तर कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

पायरी ७: आरटीओची तपासणी

किट अधिकृत वर्कशॉपमध्येच बसवा. कागद असे: मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, किटच्या टाइप अप्रूव्हलची प्रत, फिटमेंट प्रमाणपत्र, बिल, कर्ज असल्यास एनओसी. परिवहन पोर्टलवर वाहनातील बदलाचा अर्ज करा, वेळ घ्या. एमएच-१२ असेल तर संगम पुलाजवळचं कार्यालय, एमएच-१४ असेल तर मोशी; गाडी कुठे दाखवायची ते अपॉइंटमेंटच्या कागदावर बघून जा.

निरीक्षक चेसिस नंबरचा पेन्सिल-छाप घेतील. तो नंबर आदल्या दिवशी घासून पुसून स्वच्छ करा. अंडरकोटिंगखाली दडलेल्या नंबरामुळे अख्खा दिवस जातो. इंजिन नंबर, किटची पाटी आणि अनुक्रमांक अप्रूव्हलशी जुळतात का ते पाहतील. इंधनाचे होज एक्झॉस्टपासून लांब आणि क्लिपने बांधलेले असावेत. लोंबणारी वायर दिसली की शंका सुरू होते. मग नेहमीचंच: ब्रेक, टायर, हॉर्न, दिवे, एचएसआरपी. काळी फिल्म, नंतर लावलेले झगझगीत एलईडी आणि गर्जणारा सायलेन्सर घेऊन जाऊ नका. इथेनॉलवरून वाद व्हायच्या आधीच तुम्ही सायलेन्सरवरून परत याल.

गाडी पंधरा वर्षांची होत असेल तर नोंदणीचं नूतनीकरण आणि इंधनबदल एकत्र गुंतवू नका. फॉर्म २५ चा अर्ज मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून करता येतो, पर्यावरण कर भरावा लागतो आणि नोंदणी पुढे पाच वर्षं मिळते. आधी मूळ पेट्रोलवर नूतनीकरण उरका, नवी आरसी आल्यावर किटचं काम हाती घ्या.

आरसीवर नवं इंधन उमटलं की त्याची प्रत विमा कंपनीला पाठवा आणि पॉलिसीवर एंडॉर्समेंट मागा. फोनवर ‘नोंद केली’ म्हणाले तर ते पुरेसं नाही, कागद हवा.

त्यानंतर

ऑइल पाच हजार किलोमीटरला बदला. पावसाळ्यात टाकी शक्यतो भरलेली ठेवा, कारण रिकाम्या जागेतल्या दमट हवेतून इथेनॉल पाणी ओढतं. गंमत अशी की पाणी वेगळं होऊन तळाला बसण्याचा धोका ई९३ पेक्षा ई२० ला जास्त असतो. भरपूर इथेनॉल असलं की ते पाणी सामावून घेतं. तरीही गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर शेवटच्या टाकीत ई२० भरून थोडी चालवा, म्हणजे इंजेक्टरमध्ये इथेनॉल सुकणार नाही, आणि परत आल्यावर ते ई२० लवकर संपवा.

इथेनॉलची ज्योत फिकट असते, भर उन्हात दिसतही नाही. गळती झाली तर धूर दिसायची वाट न पाहता इग्निशन बंद करा. ड्रायव्हरच्या सीटखाली एबीसी पावडरचा अग्निशामक पक्का बसवा आणि त्याच्या दाबाचा काटा हिरव्यात आहे का, ते दर सर्व्हिसिंगला बघा.